विश्लेषण : सरकारी टीव्हीवरून पहिली मुलाखत घेणारे पु. ल. देशपांडे सरकारविरोधात मैदानात का उतरले?

सौंदड (जि. गोंदिया) : दरवर्षी ८ नोव्हेंबर आणि १२ जून या दोन तारखा जवळ आल्या की पु. ल. देशपांडे यांच्या क्लिप मोबाइलवर फिरायला लागतात. एक जयंती, दुसरी पुण्यतिथी. हरितात्या, अंतू बर्वा, नारायण, म्हैस हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये येतं, लोक हसतात आणि पुढे पाठवतात. या क्लिपमध्ये क्वचितच दिसतो तो पुलंचा राजकीय अवतार. देशात आणीबाणी असताना आणि त्यानंतरच्या निवडणुकीत या विनोदी लेखकाने सत्तेला थेट अंगावर घेतलं. पुढे वीस वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडून राज्यातला सर्वोच्च पुरस्कार स्वीकारतानाही ते गप्प बसले नाहीत.

राजकीय विनोदाने खरंच काही बदलतं का? हा प्रश्न जगभर विचारला जातो. आयर्लंडमध्ये एका टीव्ही कार्यक्रमामुळे सरकार पडलं, असं आजही मानलं जातं. महाराष्ट्रात हे काम टीव्हीने केलं नाही. ते का, हे समजायला पुलंचं आयुष्य पाहावं लागतं.

थोडक्यात मुद्दे

• पुलं हे दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या काळातले निर्माते. पंतप्रधान नेहरूंची दूरदर्शनसाठी पहिली मुलाखत घेणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.
• सरकारी माध्यमातली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचे रंगमंचीय कार्यक्रम सुरू केले.
• १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी जनता पक्षासाठी जाहीर सभा घेतल्या. विजयानंतर मात्र ते बाजूला झाले.
• १९९६ मध्ये पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार घेताना त्यांनी युती सरकारच्या कारभारावरही बोट ठेवलं.

राजकीय व्यंग म्हणजे नेमकं काय?

साधा विनोद माणसाच्या वागण्यावर असतो. राजकीय व्यंगात निशाणा सत्तेवर असतो. मंत्र्याची भाषा, अधिकाऱ्याचा तोरा, पक्षाच्या घोषणा आणि त्यामागचा रिकामेपणा, हे सगळं असं मांडायचं की समोरचा माणूस आधी हसेल आणि घरी जाताना विचार करेल. सत्तेची भीती कमी करणं हा त्याचा सगळ्यात मोठा परिणाम. ज्याला लोक हसले, त्याला ते पूर्वीइतकं घाबरत नाहीत.

आयर्लंडचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. तिथल्या आरटीई या सार्वजनिक वाहिनीवर फ्रँक हॉल यांचा 'हॉल्स पिक्टोरियल वीकली' हा कार्यक्रम १९७१ ते १९८० या काळात चालला. बॅलीमगॅश नावाचं एक काल्पनिक गाव, तिथली नगरपालिका आणि तिथले पुढारी दाखवून हॉल खऱ्या राजकारण्यांची खिल्ली उडवत. १९७३ ते १९७७ या काळात लिअम कॉसग्रेव्ह यांचं आघाडी सरकार होतं. महागाई आणि करवाढीवरून त्या सरकारच्या मंत्र्यांची या कार्यक्रमात दर आठवड्याला नक्कल व्हायची. जून १९७७ च्या निवडणुकीत ते सरकार पडलं आणि विरोधी फिआना फॉल पक्षाने १४८ पैकी ८४ जागा जिंकल्या. पराभवाला इतरही कारणं होती, पण त्यात हॉल यांच्या कार्यक्रमाचा वाटा होता, असं तिथले अनेक अभ्यासक मानतात.

त्याच वर्षी, तीन महिने आधी, भारतातही सरकार पडलं होतं. फरक इतकाच की भारतातल्या टीव्हीवर पंतप्रधानांची नक्कल करणं कल्पनेतही शक्य नव्हतं.

पुलं कोण होते?

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपण जोगेश्वरी आणि विलेपार्ले इथे गेलं. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. रवींद्रनाथ टागोरांची 'गीतांजली' त्यांनी अभंगरूपात मराठीत आणली होती. घरात गाणं, वाचन आणि भजन असल्याने पुलंच्या हातात पेटी लहानपणीच आली.

घरची परिस्थिती मात्र सुखवस्तू नव्हती. कॉलेजचं शिक्षण घेता घेता त्यांनी कारकुनी केली, शिकवण्या घेतल्या, मास्तरकी केली. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. पुढे शिवसेनाप्रमुख झालेले बाळ ठाकरे तिथे त्यांचे विद्यार्थी होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण १९९६ च्या वादात गुरू-शिष्याची ही जोडी पुन्हा समोरासमोर येते.

१२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. सुनीताबाई १९४२ च्या चळवळीत सहभागी झालेल्या होत्या. स्वभावाने शिस्तीच्या, हिशेबाला चोख आणि मताला ठाम. पुलंनी पुढे आयुष्यभर जे स्वातंत्र्य जपलं, त्यामागे घरातल्या या शिस्तीचा मोठा वाटा होता.

चाळिशीच्या दशकात ते सिनेमात गेले. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाचं लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका असं सगळं त्यांनी एकट्याने केलं. पण सिनेमाच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. मधल्या काळात बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात आणि मुंबईच्या कीर्ती कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली.

सत्तेची टर उडवायला सुरुवात कधी झाली?

आणीबाणीच्या खूप आधी. १९५२ मध्ये पुलंचं 'अंमलदार' हे नाटक आलं. रशियन लेखक गोगोल यांच्या १८३६ सालच्या नाटकावर ते आधारलेलं होतं. गोष्ट साधी आहे. गावात मोठा साहेब तपासणीला येणार अशी बातमी येते. लाच खाऊन सुस्त झालेले सगळे अधिकारी घाबरतात आणि एका भलत्याच भटक्या माणसाला साहेब समजून त्याची सरबराई करतात.

देश स्वतंत्र होऊन पाच वर्षंच झाली होती. गोरा साहेब गेला, पण कचेरीतला अंमलदार तसाच राहिला, हे प्रेक्षकांना त्यात दिसलं. तलाठ्याच्या दप्तरापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत चकरा मारलेल्या माणसाला हे नाटक समजावून सांगावं लागत नाही.

१९५७ मध्ये 'तुझे आहे तुजपाशी' आलं. त्यात साधेपणाचा आणि त्यागाचा देखावा करणारे आचार्य आणि आयुष्य रसरसून जगणारे काकाजी यांची गाठ घालून दिली आहे. गांधीजींच्या नावाने फक्त बाह्य आचार उरला होता, त्या काळात या नाटकाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कुणा पक्षाचं नाव न घेता एका पिढीच्या ढोंगावर हसणं, ही पुलंची पद्धत तेव्हाच पक्की झाली.

दूरदर्शनशी संबंध काय?

१९५५ मध्ये पुलं पुणे आकाशवाणीत रुजू झाले. पुढे मुंबई आणि दिल्ली इथेही त्यांनी काम केलं. भारतात टीव्ही सुरू करण्याची तयारी चालू असताना त्यांना प्रशिक्षणासाठी ब्रिटनमध्ये बीबीसीत पाठवण्यात आलं. त्या प्रवासातून 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन झालं, जे १९६० मध्ये पुस्तकरूपात आलं.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत टीव्हीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. ट्रान्समीटर छोटा होता, संच मोजके होते आणि कार्यक्रमही आठवड्यातून थोडा वेळच असायचे. त्या पहिल्या टप्प्यातल्या निर्मात्यांमध्ये पुलं होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची दूरदर्शनसाठी पहिली मुलाखत त्यांनी घेतली.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. त्या काळात रेडिओ आणि टीव्ही दोन्ही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत होते. टीव्ही तर आकाशवाणीचाच एक विभाग होता, तो स्वतंत्र झाला १९७६ मध्ये. खासगी वाहिनी हा पर्यायच नव्हता. म्हणजे ट्रान्समीटर सरकारचा, कॅमेरा सरकारचा आणि निर्मात्याचा पगारही सरकारचा. अशा व्यवस्थेत मंत्र्यावर विनोद करायचा तर परवानगी त्याच मंत्रालयाकडे मागावी लागणार.

ब्रिटनमध्येही हे सगळं सोपं नव्हतं. बीबीसीने १९६२ मध्ये 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा राजकीय व्यंगाचा कार्यक्रम सुरू केला. तो प्रचंड गाजला. पण १९६४ हे निवडणुकीचं वर्ष असल्याचं कारण देत १९६३ च्या अखेरीस तो थांबवण्यात आला. आयर्लंडमध्येही डर्मॉट मॉर्गन यांचा 'स्क्रॅप सॅटर्डे' हा रेडिओ कार्यक्रम लोकप्रिय असतानाच १९९१ मध्ये बंद झाला आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या माध्यमात सत्तेवरचा विनोद कुठल्याही देशात काठावरच उभा असतो.

सरकारी नोकरी सोडल्यानंतर काय झालं?

पुलं फार काळ सरकारी माध्यमात राहिले नाहीत. नोकरी सोडून ते स्वतंत्र कलावंत झाले. १९६१ मध्ये त्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर सादर करायला सुरुवात केली. एक माणूस, रिकामा रंगमंच आणि चाळीतली सगळी बिऱ्हाडं. मराठीत एकपात्री प्रयोगाला प्रतिष्ठा मिळाली ती यातून. १९६२ मध्ये 'वाऱ्यावरची वरात' आली, पुढे 'असा मी असामी'. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

या प्रयोगांतून पैसा आला आणि त्या पैशाने स्वातंत्र्य आलं. तिकीट काढून येणारा प्रेक्षक हा त्यांचा मालक झाला. सरकारचं अनुदान नको, कुणाची मेहेरबानी नको. उलट त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन करून सामाजिक आणि सांस्कृतिक कामांना देणग्या दिल्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं, त्यामागे त्यांची मदत होती. विदर्भात वरोरा इथल्या बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी तर त्यांचं जवळचं नातं होतं.

१९७४ मध्ये इचलकरंजीला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तोवर ते महाराष्ट्राचे सगळ्यात लाडके लेखक होते. गमावण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर होतं. पुढची गोष्ट याच पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

आणीबाणीत नेमकं काय घडलं?

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. सरकारच्या कार्यक्रमात सहकार्य न केल्यामुळे गायक किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यात आली. 'किस्सा कुर्सी का' या राजकीय व्यंगपटाच्या प्रिंट नष्ट करण्यात आल्या. विनोद करणाऱ्यांना संदेश स्पष्ट होता.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात मंत्री होते आणि कराड हे त्यांचं गाव. मावळते अध्यक्ष या नात्याने पुलंही व्यासपीठावर होते. जयप्रकाश नारायण त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी केंद्रीय मंत्र्यासमोर लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

पुलंना अटक झाली नाही, पण त्यांची बाजू ठरलेली होती. जयप्रकाश नारायण यांनी तुरुंगात लिहिलेल्या रोजनिशीचा त्यांनी 'स्वगत' या नावाने मराठी अनुवाद केला.

१९७७ च्या प्रचारात पुलंनी काय केलं?

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधी यांनी लोकसभा निवडणुकीची घोषणा केली. प्रचाराला जेमतेम दोन महिने होते. नव्याने बनलेल्या जनता पक्षाकडे पैसा कमी, संघटना विस्कळीत आणि अनेक नेते नुकतेच तुरुंगातून सुटलेले. दूरदर्शन आणि आकाशवाणी सरकारच्या हातात. दिल्लीत विरोधकांची मोठी सभा होती त्याच संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' हा गाजलेला सिनेमा लावला होता, म्हणजे लोक घरीच थांबतील. तरीही सभेला अफाट गर्दी झाली.

अशा वेळी पुलं प्रचाराला उतरले. जे व्यासपीठावरून कधी राजकीय भाषण करत नसत, ते गावोगाव सभा घेऊ लागले. पुलं येणार म्हटल्यावर राजकारणात रस नसलेली माणसंही सभेला येत. पेन्शनर, शिक्षक, कॉलेजची मुलं, घरच्या बायका. मध्यमवर्ग दीड वर्षाहून जास्त काळ घाबरून गप्प होता. तो आता मैदानात बसून मोठ्याने हसत होता.

याचं महत्त्व कसं समजायचं? नाटक करायचं असेल तर महाराष्ट्रात संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. वृत्तपत्रात छापायचं तर आणीबाणीत सेन्सॉर होता. टीव्ही तर सरकारचाच. जाहीर सभा मात्र एकदा निवडणूक लागली की रोखणं कठीण होतं. राजकीय व्यंगाला सगळीकडून दारं बंद झाली होती, तेव्हा ते निवडणुकीच्या मैदानातून बाहेर पडलं. आयर्लंडमध्ये जे काम दर आठवड्याला टीव्हीच्या पडद्यावर होत होतं, ते इथे ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून एका लेखकाने केलं.

परिणाम किती झाला?

आकडे पाहू. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि उरलेल्या जागा शेकाप, माकप आणि रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाला मिळाल्या. ज्या राज्यात काँग्रेसला आव्हानच नाही असं मानलं जायचं, तिथे निम्म्याहून जास्त जागा गेल्या. मुंबई-पुण्यात विरोधकांची सरशी झाली. विदर्भात मात्र काँग्रेसने बहुतेक जागा राखल्या. उत्तर भारतात जी लाट होती, ती इथे तितकी पोहोचली नाही.

म्हणजे पुलंच्या सभांमुळे सरकार पडलं, असं म्हणणं चूक ठरेल. सक्तीची नसबंदी, अटकसत्र, महागाई आणि विरोधकांची एकजूट ही मोठी कारणं होती. पुलंची भाषा शहरी आणि निमशहरी मराठी मध्यमवर्गाला जवळची होती. त्या वर्गापलीकडे तिचा परिणाम किती, हे मोजता येत नाही. त्यांच्या वाट्याला जे श्रेय द्यायचं ते वेगळं आहे. घाबरलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळण्यासाठी शेजारच्याला हसताना पाहावं लागतं. ते दृश्य त्यांनी मैदानामैदानात उभं केलं.

विजयानंतर ते बाजूला का झाले?

२१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली आणि जनता पक्षाचं सरकार आलं. प्रचारात घाम गाळलेल्यांना पदांची आशा असते. पुलं मात्र राजकीय व्यासपीठावरून उतरले आणि आपल्या लिखाणाकडे परतले. निवडणूक ही त्यांच्यासाठी लोकशाही परत आणण्याची लढाई होती, ती संपली होती.

इथे फ्रँक हॉल यांच्याशी तुलना करण्याजोगी आहे. मंत्र्यांची टर उडवणारे हॉल १९७८ मध्ये आयर्लंडचे चित्रपट सेन्सॉर झाले आणि १९८६ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. हसवणारा माणूस सरकारी कात्री हातात घेतो, तेव्हा त्याच्या विनोदाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

पुलंनी पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक दिलं. थिएटर अकादमीसाठी जब्बार पटेल यांनी ते दिग्दर्शित केलं. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९२८ सालच्या नाटकाचं ते रूपांतर. ब्रेख्तचं नाटकही मुळात इंग्लंडमधल्या जॉन गे यांच्या १७२८ सालच्या नाटकावरून आलेलं. त्या मूळ नाटकात पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांची चेष्टा होती. चोर, पोलीस आणि प्रतिष्ठित माणसं यांच्यात फारसा फरक नाही, हा अडीचशे वर्षांचा विनोद पुलंनी मराठी मातीत आणला. दिल्लीत तेव्हा जनता पक्षाचं, म्हणजे त्यांनीच ज्यांच्यासाठी सभा घेतल्या त्यांचं, सरकार होतं.

ते सरकार आपसातल्या भांडणात १९७९ मध्ये कोसळलं. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. १९८२ मध्ये पुलंचा 'खिल्ली' हा राजकीय उपहास लेखांचा संग्रह आला. नावातच सगळं आलं.

१९९६ चा वाद काय होता?

राज्यात १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. या सरकारने महाराष्ट्रभूषण हा राज्याचा सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि १९९६ चा पहिला मान पुलंना दिला. त्या वेळी पुलं ७७ वर्षांचे होते. पार्किन्सन्सच्या आजाराने शरीर थकलं होतं.

आभार मानून, दोन विनोद करून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. लोकशाहीच्या जागी दंडेलीची भाषा बोलली जाते, याबद्दलचं दुःख त्यांनी पुरस्कार स्वीकारताना मांडलं. रोख कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं.

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे संतापले. स्वतः व्यंगचित्रकार असलेल्या ठाकरे यांनी पुलंच्या नावावर कोटी करत जाहीर सभेत त्यांच्यावर टीका केली आणि हा पुरस्कार दिल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. लेखक, कलावंत आणि वाचकांमध्ये त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. ठाकरे समर्थकांचं म्हणणं असं की ज्यांच्याकडून पुरस्कार घ्यायचा त्यांच्यावरच टीका करायची हे बरोबर नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की पुरस्कार राज्याचा असतो, पक्षाचा नसतो.

हा वाद आजही निवडणुकीच्या काळात वर येतो आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अर्धा भाग पुढे पाठवतो. काँग्रेसवाले १९९६ सांगतात, विरोधक १९७७ सांगतात. दोन्ही घटना एकत्र ठेवल्या की मगच पुलंचं राजकारण कळतं. १९७७ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना विरोध केला, १९९६ मध्ये आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या पक्षाला. बदललं ते सरकार, त्यांचा आग्रह तोच राहिला.

झाडीपट्टीला यात काय नवीन?

खरं तर फारसं नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीच्या पट्ट्यात राजकीय व्यंग टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. भाऊबीज झाली की मंडई भरते. दंडार, खडी गंमत, तमाशा आणि रात्रभर चालणारी नाटकं. सौंदडसारख्या गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या गावांना वडसा इथल्या नाटक कंपन्या नवीन नाहीत. धानाची कापणी-मळणी आणि नाटकांचा हंगाम एकत्रच येतो. खडी गंमतमधलं विनोदी पात्र गावच्या पाटलापासून आमदारापर्यंत कुणालाही सोडत नाही आणि ज्याच्यावर विनोद होतो तोही अनेकदा पुढच्या रांगेत बसलेला असतो. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं.

पुलंचा मैदानातला प्रचार आणि मंडईतली गंमत यांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांसमोर असतात. मधे ट्रान्समीटर नसतो, त्यामुळे तो बंद करणाराही कुणी नसतो.

टीव्हीवर पुढे काय बदललं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं होतं. पण सरकारी वाहिनीवर थोडीफार मोकळीक यायला ऐंशीच्या दशकाचा शेवट उजाडला. १९८८ मध्ये 'कक्काजी कहिन' आणि १९८९ मध्ये जसपाल भट्टी यांचा 'फ्लॉप शो' आला. त्यात पुढारी आणि अधिकारी यांची थट्टा होती, पण नाव घेऊन नव्हती. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात आला १९९७ मध्ये. खासगी वाहिन्या आल्यावर 'घडलंय बिघडलंय'सारख्या कार्यक्रमांनी नेत्यांच्या नकला घरोघरी नेल्या. आता तेच काम रील आणि मीम करतात.

माध्यम बदललं तरी जुना प्रश्न तसाच आहे. पूर्वी ट्रान्समीटर सरकारचा होता, आता प्लॅटफॉर्म कंपन्यांचे आहेत. एखादा व्हिडिओ हटवला जातो, एखाद्या कलाकारावर गुन्हा दाखल होतो, एखादा कार्यक्रम रद्द होतो. त्यात नवी भर म्हणजे पक्षांनी स्वतःच विनोद पोसायला सुरुवात केली आहे. आपल्या नेत्याला सोडून फक्त समोरच्यावर हसायचं, हे व्यंग नसतं, तो प्रचार असतो. पुलंनीही १९७७ मध्ये प्रचारच केला, हे खरं. पण जिंकल्यावर ते सत्तेच्या पंगतीला बसले नाहीत आणि पुढची टर उडवताना आपला-परका पाहिला नाही.

शेवटचा काळ

१९९० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १२ जून २००० रोजी, लग्नाच्या ५४ व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचं निधन झालं. सुनीताबाई २००९ मध्ये गेल्या. मुंबईत प्रभादेवीला राज्य सरकारच्या कला अकादमीला पुलंचं नाव आहे. २०१९ मध्ये त्यांच्या जीवनावर 'भाई : व्यक्ती की वल्ली' हा दोन भागांतला चित्रपट आला. ८ नोव्हेंबर २०२० रोजी, १०१ व्या जयंतीला, गुगलने पेटी वाजवणाऱ्या पुलंचं डूडल ठेवलं.

क्लिपमधले पुलं हे चाळीतल्या आणि गावातल्या माणसांवर प्रेमाने हसणारे पुलं आहेत. तेही खरेच आहेत. पण सामान्य माणसावर हसताना त्यांचा विनोद मऊ होता आणि खुर्चीवरच्या माणसावर हसताना तो धारदार झाला, हा फरक त्या क्लिपमध्ये येत नाही. पुढच्या वेळी एखाद्या नेत्याचं मीम पुढे पाठवताना तो फरक तपासून पाहायला हरकत नाही. हसू ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर आहे, की ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यावर?